एक रान, चार दफ्तरे

1 ऑगस्ट 1949 रोजी दक्षिण सातारा नावाचा नवा जिल्हा जन्माला आला. तारीख विचार करूनच निवडली असणार, कारण महसुली वर्ष 1 ऑगस्टला सुरू होते आणि 31 जुलैला संपते. जुन्या सातारा जिल्ह्यातले खानापूर, तासगाव, वाळवे, शिराळा हे तालुके घेतले, त्यांना सांगली, मिरज, जत आणि औंध या संस्थानांचे तुकडे जोडले आणि एक जिल्हा उभा केला. 21 नोव्हेंबर 1960 ला त्याचे नाव सांगली झाले.

नकाशावर हे काम एका ओळीत उरकते. कचेरीत तसे उरकत नाही. औंध संस्थानाचेच पाहा. राजधानी औंध सातारा जिल्ह्यात राहिली, आटपाडी आणि कुंडल दक्षिण साताऱ्यात आले, गुणदाळ विजापूरकडे गेले. सांगलीकर पटवर्धनांचा मुलूख मंगळवेढे, तेरदाळ, शहापूर, शिरहट्टी असा दूरवर विखुरलेला. मिरजेच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पात्या, दोन्हींचा कारभार वेगळा. 8 मार्च 1948 ला ही दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली तेव्हा प्रत्येकाचे महसूल खाते वेगळे, इनामे वेगळी आणि दफ्तरही वेगळे होते. दफ्तरे गाड्यांत भरून मामलेदार कचेरीत आणता येतात, पण आणल्याने ती जुळत नाहीत.

संगणकवाले ज्याला आज डेटाबेसचे सिंक म्हणतात, ते काम आपल्या भागात फार जुने आहे. एकाच रानाची माहिती दोन, तीन, चार ठिकाणी लिहिलेली असते आणि एका ठिकाणी बदल झाला की बाकीच्या ठिकाणीही तो वेळेत आणि तसाच उतरावा लागतो. सातारा-सांगलीत हे काम कसे चालत आले आणि कुठे अडले, त्याचा हा इतिहास आहे. माझे मत आधीच सांगतो: बिघाड बहुतेक वेळा यंत्रात नसतो. दोन वह्यांत वेगळे लिहिले असेल तर खरी वही कोणती, हे ठरवायचे आपण दीडशे वर्षे टाळत आलो आहोत.

मराठेशाहीत या प्रश्नावर एक धूर्त तोड होती. गावाचा हिशेब कुलकर्ण्याकडे, परगण्याचा देशपांड्याकडे आणि त्यावर हुजूर दफ्तर. देशपांडे वतनदार होता, सरकारचा नोकर नव्हता, त्यामुळे सरकारने नेमलेला कमावीसदार बदलला तरी देशपांड्याचे कागद तिथेच राहत. नवा कमावीसदार गावाचा आकडा परगण्याच्या आकड्याशी ताडून पाही. कुलकर्ण्याने एखादे शेत लपवले तर देशपांड्याच्या कागदात ते सापडण्याची शक्यता असे. दोघे मिळून लपवत नव्हते असे मी म्हणणार नाही. तरी एकाची नोंद दुसऱ्याने पारखायची आणि दोघांचे हितसंबंध वेगळे ठेवायचे, ही कल्पना पक्की होती.

1818 नंतर साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी जेम्स ग्रँट डफ आला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा म्हणून आपण त्याला ओळखतो, पण 1822 पर्यंत त्याचा बराच वेळ या नव्या राज्याची घडी बसवण्यात गेला. 1848 मध्ये आप्पासाहेब महाराज वारले, डलहौसीने दत्तक नाकारला आणि सातारा इंग्रजांच्या थेट अमलाखाली गेला. मग आली मोजणी.

त्या मोजणीची पद्धत इंदापुरात तयार झाली होती. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची आधीची मोजणी फसल्यावर 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी तिथे नव्याने काम सुरू केले आणि 1847 च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, बांधावर दगड, नकाशा आणि आकारबंद. आकारबंद म्हणजे कोणत्या नंबरचे क्षेत्र किती आणि सारा किती, याची सरकारी यादी. सारा तीस वर्षांसाठी बांधून दिलेला. या व्यवस्थेला जमिनीशी कर्तव्य होते. त्या जमिनीवर हक्क कुणाचा, वाटण्या कशा झाल्या, गहाण कुणाकडे आहे, याची तिला विशेष फिकीर नव्हती. सारा भरणारा एक माणूस मिळाला की भागत असे.

माणसांची नोंद फार उशिरा आली. 1903 मध्ये मुंबई इलाख्याने हक्कनोंदणीचा कायदा केला आणि 1913 मध्ये त्यातल्या तरतुदी 1879 च्या जमीन महसूल कायद्यात घातल्या. म्हणजे जमिनीचे दफ्तर आधी झाले, माणसांचे सुमारे अर्ध्या शतकाने आले आणि दोन्हींचे मालक वेगळे राहिले. आकारबंद, नकाशे, टिपणे मोजणी खात्याकडे. हक्कनोंद गावच्या तलाठ्याकडे. आजचे निम्मे दुखणे इथले आहे.

मात्र हक्कनोंदीची रचना ज्यांनी केली त्यांना दाद द्यायला हवी. सातबारा उतारा हाती घ्या. वरचा भाग गाव नमुना सात, खाली पिकांचा गाव नमुना बारा. सातमध्ये खातेदाराच्या नावाशेजारी एक आकडा दिसतो. तो फेरफाराचा नंबर. गाव नमुना सहा ही फेरफार नोंदवही. खरेदी, वारस, वाटणी, बोजा, हक्कसोड, जे काही घडेल ते आधी तिथे ओळीने, क्रमांक देऊन लिहायचे. मंजूर झाले की मगच ते सातबारावर उतरते. जुने नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. त्यामुळे कंसातल्या नावांवरून आणि नंबरांवरून मागे मागे जात आजोबा-पणजोबांपर्यंत पोचता येते. सातबारा म्हणजे आजची स्थिती, फेरफार म्हणजे ती स्थिती कशी आली याची ओळीने हकिगत. एखादा सातबारा फाटला, भिजला, तरी फेरफार शाबूत असेल तर तो पुन्हा लिहिता येतो.

हे वाचून डेटाबेस सांभाळणारा माणूस हसेल, कारण त्याचेही काम असेच चालते. बदल आधी लॉगमध्ये क्रमाने लिहायचे, मग ते तक्त्यावर चढवायचे आणि दुसरीकडची प्रत मागे पडली तर तो लॉग तिथे पुन्हा चालवायचा. 1978 मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने एका गाजलेल्या निबंधात मांडले की दूरदूरच्या यंत्रांची घड्याळे अचूक जुळतील या भरवशावर राहू नका. घटनांना क्रमांक द्या, आधी काय आणि नंतर काय हे ठरू द्या. आपल्या तलाठ्याच्या फेरफार नंबरातही हेच शहाणपण होते. एका गावाची एकच फेरफार वही, एकच क्रम.

या सगळ्या नमुन्यांची घडी अँडरसन या मुलकी अधिकाऱ्याच्या महसुली हिशेबाच्या मॅन्युअलने बसवली. 1 ते 21 गाव नमुने, त्यांच्यावर तालुक्याचे नमुने आणि वर्षाअखेर जमाबंदी. गावची बेरीज तालुक्याच्या बेरजेशी जुळली पाहिजे, नाहीतर तलाठ्याला उभे करून विचारणा. वर्षातून एकदा का होईना, मेळ घातला जाई. 1951 मध्ये कुलकर्णी वतने गेली, सगळीकडे पगारी तलाठी आले. आपल्याकडे त्यांना भाऊसाहेब म्हणतात आणि मंडल अधिकाऱ्याला सर्कल.

मग दोन दफ्तरांची फारकत झाली कशी? एक कारण एकत्रीकरण. 1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याने गावोगाव विखुरलेले तुकडे एकत्र करून गट पाडले. सर्व्हे नंबर गेले, गट नंबर आले. योजना मोजणी खात्याने राबवली, पण रानात ताबा बदललाच असे नाही. कागदावर गट एकाच्या नावे आणि कुळव दुसऱ्याचा, अशी उदाहरणे कृष्णाकाठच्या कोणत्याही गावात निघतील. यावर तोड म्हणून सरकारने 2023 मध्ये सलोखा योजना आणली. दोन शेतकऱ्यांचा एकमेकांच्या रानात किमान बारा वर्षे ताबा असेल तर हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी शुल्कात अदलाबदलीचा दस्त करता येतो. कागद आणि रान यांच्यातली फट सरकारने एवढ्या उघडपणे कबूल केल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

दुसरे कारण कमी-जास्त पत्रक. जमीन बिनशेती झाली, रस्त्यात गेली, कालव्यात गेली, पोटहिस्सा मोजला, की मोजणी खाते कमी-जास्त पत्रक तयार करते आणि महसुलाकडे पाठवते. तलाठ्याने त्याचा फेरफार घालायचा. हे पत्रक म्हणजे एका दफ्तराने दुसऱ्याला दिलेला निरोप. निरोप पोचला की नाही हे पाहण्याची जबाबदारी मात्र ठळकपणे कुणावरच नव्हती. मोजणी खात्याच्या उपअधीक्षकांच्या कार्यालयातून पत्रक गेले, तहसीलच्या आवकात नोंदले गेले आणि तिथेच फायलीत राहिले. आकारबंदात क्षेत्र कमी झाले, सातबारावर जुनेच राहिले. त्या जुन्या क्षेत्रावर सोसायटीने कर्ज दिले, त्यावर ऊस नोंदला गेला, पुढे तेच क्षेत्र विकले गेले.

कोयना धरणाच्या विस्थापितांची गोष्ट याहून अवघड. पाटण-जावळीतली गावे पाण्याखाली गेली आणि त्यांना जमिनी मिळाल्या सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशा परक्या जिल्ह्यांत. कुणाची किती गेली हे साताऱ्याच्या कागदात, कुणाला किती मिळाली हे दुसऱ्या जिल्ह्याच्या. दोन्ही एकत्र मांडणारे संकलन रजिस्टर नीट नसेल तर एखाद्याला दोनदा मिळेल आणि शेजाऱ्याला एकदाही नाही. 2018 मध्ये डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाने कोयनानगरला ठिय्या दिला तेव्हाही हे संकलन पक्के करण्याचा विषय होताच. धरणाचे काम 1950 आणि 1960 च्या दशकांत झाले होते.

संगणक आला तो या पार्श्वभूमीवर. केंद्राची भूमी अभिलेख संगणकीकरणाची योजना 1988-89 ची. महाराष्ट्रात 2000 नंतरच्या वर्षांत तहसील कचेरीतून छापील सातबारा मिळू लागला. लोक खूश झाले, आणि खरी गडबड तेव्हाच सुरू झाली. भाऊसाहेबांची हातची वही चालूच होती. नोंद आधी वहीत व्हायची, मग कधीतरी तालुक्याला ऑपरेटर ती टंकायचा. मधल्या दिवसांत दोन सातबारे अस्तित्वात, दोन्हींवर सरकारचा शिक्का. बँकेला एक दाखवायचा, खरेदीदाराला दुसरा. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर दोन मुख्य प्रती, दोन्हींवर लिहिण्याची मुभा आणि तंटा झाल्यास निवाडा करायला कुणी नाही. याहून वाईट रचना करता येत नाही.

निर्णय अखेर झाला: हस्तलिखित बंद, लिहायचे फक्त संगणकावर. खटाव तालुक्यातल्या निढळचे चंद्रकांत दळवी तेव्हा जमाबंदी आयुक्त होते आणि ई-फेरफार प्रकल्पाची उभारणी त्या काळातली. आपल्या भागातल्या माणसाने हे लावून धरले याचे थोडे कौतुक मला आहे, ते लपवत नाही. सुरुवातीला डेटा तालुक्याच्या सर्व्हरवर. साताऱ्याचे 11 आणि सांगलीचे 10 तालुके, म्हणजे 21 ठिकाणी 21 डेटाबेस. नंतर राज्याच्या डेटा सेंटरमध्ये आणि पुढे क्लाऊडवर. भाऊसाहेबांच्या हाती लॅपटॉप आणि डिजिटल सहीचे डोंगल आले. पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरात रेंज नाही, तालुक्याला यावे तर सर्व्हर संथ. त्या वर्षांत सजाच्या दारात रोज एकच संवाद ऐकू यायचा.

“भाऊसाहेब, माझी नोंद धरली का?”

“धरली आहे तात्या, पण सर्व्हर डाऊन आहे. सोमवारी या.”

तलाठ्यांनी रात्री जागून कामे केली, आंदोलनेही केली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

वही बंद करायची तर संगणकातली प्रत वहीशी तंतोतंत जुळलेली हवी. त्यासाठी आधी एडिट मॉड्यूल आणि मग री-एडिट. राज्यात 44 हजारांवर गावे आणि सुमारे अडीच कोटी सातबारे. प्रत्येक उतारा वहीशी ताडायचा, चुका दुरुस्त करायच्या, मग तलाठी, सर्कल आणि तहसीलदार यांनी घोषणापत्रे द्यायची की दोन्ही जुळले. 2017 मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले. तलाठ्याने सातबारा मोठ्याने वाचायचा, लोकांनी चूक सांगायची. मला या सगळ्या प्रकल्पातले हेच काम सर्वांत मोलाचे वाटते. यंत्राला बेरीज चुकलेली कळते. ‘गणपत’चे ‘गणपती’ झाले किंवा धाकट्या चुलत्याचे नाव गळाले, हे चावडीवर बसलेल्या म्हातारीलाच कळते.

यंत्राने उकरून काढलेली चूक मात्र मजेदार होती. ओडीसी नावाच्या अहवालांत विसंगत सातबारे आपोआप निघत. त्यातली ठळक विसंगती अशी की उताऱ्यावरचे एकूण क्षेत्र आणि नावांसमोरच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नाही. असे का होते? समजा आजोबांची जमीन एक एकर, म्हणजे 40 गुंठे. एकर-गुंठे जाऊन हेक्टर-आर आले तेव्हा काटेकोर हिशेबाने ती 40 आर 47 चौरस मीटर व्हायला हवी. लिहिणाऱ्याने 40 आर लिहिली. पुढे तीन भावांची वाटणी झाली. 40 ला 3 ने भाग जात नाही, म्हणून प्रत्येकासमोर 13 आर. बेरीज 39. एक आर, म्हणजे जवळपास एक गुंठा, कुणाच्याच नावावर नाही. वहीत हे पन्नास वर्षे खपले. सगळ्यांना ठाऊक होते की तिघांचा सारखा हिस्सा आहे. संगणकाला ते ठाऊक नव्हते, त्याने उतारा अडवून ठेवला. मग जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली, लेखनचूक दुरुस्तीच्या अधिकारात, तहसीलदारांनी आदेश काढायचे. हजारो आदेश निघाले. त्यांच्या आडून काही ठिकाणी मूळ नोंदीच फिरवल्याच्या तक्रारी झाल्या आणि सरकारला चौकशा लावाव्या लागल्या. मेळ घालण्याचा अधिकार दिला की मेळ मोडण्याचाही दिला जातो.

1 मे 2018 ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. आज 15 रुपयांत तो घरबसल्या निघतो. कराडच्या किंवा विट्याच्या दुय्यम निबंधकाकडे खरेदीदस्त झाला की त्याची माहिती नोंदणी खात्याच्या यंत्रणेतून ई-फेरफारमध्ये आपोआप जाते. भाऊसाहेब फेरफार तयार करतात, हितसंबंधितांना नमुना नऊची नोटीस निघते. 15 दिवसांत हरकत आली नाही तर सर्कल नोंद मंजूर करतो आणि सातबारा बदलतो.

हे 15 दिवस लोकांना जाचतात. दोन्ही यंत्रणा जोडलेल्या आहेत, मग नोंद त्याच मिनिटाला का होत नाही, असे पुण्यात नोकरी करणारी मुले विचारतात. माझ्या मते हे 15 दिवस या व्यवस्थेतली सर्वांत शहाणी गोष्ट आहे. बहिणीला न विचारता भावाने विकले, सोसायटीचा बोजा लपवला, मयताच्या जागी दुसराच उभा केला, हे सगळे याच मुदतीत उघडे पडू शकते. बँकेच्या दोन सर्व्हरांना क्षणात जुळावे लागते, कारण पैसा दोन ठिकाणी दिसता कामा नये. जमिनीच्या दोन दफ्तरांनी थोडे थांबून जुळावे, कारण मधल्या वेळेत माणसांना बोलायचे असते.

ताण आता वेगळीकडे आहे. पीएम किसान, ई-पीक पाहणी, पीक कर्ज आणि आता शेतकरी ओळख क्रमांक, सगळ्यांनी सातबारा पाया धरला. 2025 मध्ये राज्याने जिवंत सातबारा मोहीम काढली, कारण हजारो उताऱ्यांवर मयत माणसेच खातेदार होती. पायातली चूक आता एका कचेरीत थांबत नाही, ती पाच ठिकाणी पोचते. वहीच्या काळात चूक गावापुरती राहायची. वेगाचा हा तोटा कुणी मोजलेला नाही.

आणि आकारबंदाशी मेळ अजून अपुरा आहे. 1966 च्या संहितेच्या कलम 157 नुसार सातबारावरची नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानायची. ती मालकीचा अखेरचा दाखला नाही. मोजणीचा नकाशा वेगळ्या खात्याकडे, नाव वेगळ्या खात्याकडे, दस्त तिसऱ्याकडे आणि न्यायालयाचा हुकूमनामा चौथ्याकडे. चारही आता क्लाऊडवर असतील. त्यांच्यात वाद झाला तर शेवटी दिवाणी कोर्टातच जायचे.

तेव्हा गावी रान असणाऱ्यांना एक विनंती. विक्री, वाटणी किंवा कर्जाची वेळ येण्याआधी आपल्या गटाचा सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा) आणि उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून आकारबंदाचा उतारा काढा आणि तिन्हींवरचे क्षेत्र एकाखाली एक लिहून पाहा. जुळले नाही तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. भाऊ-बहिणी सगळे हयात आणि बोलते आहेत तोवर ही दुरुस्ती अर्जाने होते, नंतर तिला दावा लागतो.